अनोळखी मुस्लिम पुरुष, वय सुमारे सत्तर

प्रिय नंदीश,

फोनवर तू ओरडतोस, मी गप्प बसते, मग तू म्हणतोस, अव्वा, काहीतरी बोल. म्हणून लिहायला बसले. जन्मभर पोरांचे निबंध तपासले, स्वतःचं एक पत्र जमायला हरकत नाही. रडू येतं का, असं जो तो विचारतो. नाही येत. सकाळी दोघांचा चहा टाकते आणि एक कप मोरीत ओतते.

तू पाठवलेला अर्ज मिळाला. तुझ्या अप्पांना कबरस्तानातून काढायचं, आपल्या रुद्रभूमीत आपल्या रीतीनं बसवून पुन्हा पुरायचं, आणि लिंगायत माणसाला मुसलमान ठरवणाऱ्या पोलिसांवर केस करायची. माझी सही तेवढी राहिलीय. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी. कुणाला सांगू नको म्हणून अप्पांनी मला शपथ घातली होती.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बार्शीला लग्नाला गेलो म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. अप्पांचं ऑपरेशन होतं. साखरेमुळं खालची पुढची कातडी आवळत चालली होती, लघवीला आग, मधूनच ताप. डॉक्टर म्हणाले, काढून टाकावी लागेल. अप्पांचा चेहरा बघवेना. 'म्हंजे सुंताच की वो,' एवढंच म्हणाले. डॉक्टर हसून म्हणाले, ज्यू लोकांत आठव्या दिवशी करतात, मुसलमानांत लहानपणी, अमेरिकेत तर कित्येकांची जन्मल्याबरोबर दवाखान्यातच होते. तुम्ही साखरेपायी करताय, कातडीला कुठला आलाय धर्म? तेव्हा मला आठवलं, तुझा सिद्धू झाला तेव्हा तुमच्या तिकडं अमेरिकेत तसंच केलं होतं आणि तू फोनवर सहज सांगून टाकलं होतंस. घरी आल्यावर मी चिडवलं, आजा-नातू एकाच माळेचे मणी झालात की! तेव्हा कुठं हसले. पण त्या दिवसापासून कपडे बदलताना दाराला कडी लावायला लागले, माझ्यासमोरसुद्धा.

विसरणं त्यानंतर वाढलं, ते तुला माहीत आहे. त्या सकाळी घरातून निघाले ते थेट होटगीच्या दिशेनं. लहानपणची रेल्वेची खोली शोधत असतील. रुळाच्या कडेला लिंबाखाली सापडले, ते गेल्यावरच. खिशात चिठ्ठी नाही, कागद नाही. पोलिसांना अंगावर जी खूण दिसली, तिच्यावरून त्यांनी लिहिलं. तू त्यांना शिव्या देतोस. पण नंदीश, चौथ्या दिवशी मी स्वतः चौकीत बेवारस मृतदेहांची यादी वाचली होती. 'अनोळखी मुस्लिम पुरुष, वय सुमारे सत्तर.' माझं बोट त्या ओळीवरून पुढं सरकलं. हिंदू म्हणून लिहिलेले दोघे तेवढे मी बघितले आणि घरी आले. ऑपरेशनचं डॉक्टर सोडून फक्त मला ठाऊक होतं. आठवलं ते दहाव्या दिवशी, मेथी निवडताना. तशीच उठून गेले. त्यांनी फोटो दाखवला. पुरून दोन दिवस झाले होते.

पुरलं ते मौलासाबांनी. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात आणि ज्यांचं कुणी आलं नाही अशांना माती देतात. मला बघून हात जोडून उभे राहिले. 'मावशी, गरम पान्यानं आंगूळ घातली, नवं कापड घातलं. जनाज्याला लई मानसं हुती. एकटं न्हाय पाठवलं.' आपण बसवतो, ते निजवतात, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. तुला आठवत असेल, अप्पा आयुष्यभर उजव्या कुशीवरच झोपले.

आता जे फोनवर तोंडातून निघत नव्हतं ते. गळ्यात इष्टलिंग असतं तर पोलीस चुकलेच नसते, कुणीतरी चोरलं असणार, असं तू सारखं म्हणतोस. चोरलं नाही. त्याचा दोरा, शिवदारा, विटला होता, म्हणून त्या सकाळी आंघोळीनंतर मीच ते त्यांच्या गळ्यातून काढलं. नवा दोरा ओवायला मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात ते बाहेर पडले. आपल्यात गेलेल्याच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. उजव्या कुशीवर निजवलं की डावा हात वरच्या बाजूला येतो, हे मौलासाबांनीच मला सांगितलं. काल मी कबरीवर गेले. त्यांनी हातात खुरपं दिलं आणि पाठ फिरवून झाडांना पाणी घालत राहिले. हातभर उकरलं, नव्या दोऱ्यासकट इष्टलिंग ठेवलं, माती लोटली. म्हणून सही करत नाही. तू उकरलंस तर ते पुन्हा त्यांच्यापासून सुटेल. एकदा मी काढलं, तेवढं पुरे.

तुझीच,
अव्वा