प्रल्हादला प्रोफेसर करायचंय

३ मार्च १९९८
आजपासून मोहीम. आमच्या मेडिसिन विभागात लेक्चररची जागा वर्षभर रिकामी. प्रिन्सिपॉलनी आज बजावलं, की वेणीमाधवजी, सतरा तारखेच्या इंटरव्ह्यूला तुमच्या शिफारशीचं कुणी आलं नाही, तर जागा सर्जरीला जाईल. सर्जरीला! माझ्या हयातीत! तरुण डॉक्टर शिकवण्याकडे वळत नाहीत, कारण त्यांना कुणी प्रेरणा देत नाही. मी देईन. निवड झाली : प्रल्हाद. एमडी नुकतंच पूर्ण. आवाज भारदस्त, उंची उत्तम.

५ मार्च
संध्याकाळी प्रल्हादला पंचगंगा घाटावरून नावेत बसवलं. दशाश्वमेधपर्यंत बोललो. संशोधन, शिष्य, कीर्ती. तो एकटक पाण्याकडे बघत होता. भारावलाच. उतरताना विचारलं, मग काय ठरवलंस? म्हणाला, सर, मळमळतंय.
नावेचा दोष. यापुढे जमिनीवरच बोलायचं.

९ मार्च
प्रल्हादला समजावत वॉर्डातून चाललो होतो, तर रस्ता अडलेला. त्याच्याच बॅचची कालिंदी एका खाटेशी उभी राहून विद्यार्थ्यांना प्लीहा चाचपायला शिकवत होती. पोरं हलेनात. रागावलो. मला बघून ती पुढे आली, काही विचारायचं होतं. म्हटलं, नंतर.
हुशार आहे. आपल्याच, दुर्गाघाटच्या मराठी घरातली. पण मुलींची लग्नं होतात, त्यांना या फंदात ओढू नये. या बाबतीत मी फार सुधारक आहे.

१२ मार्च
प्रल्हादला जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात आमच्या शरदिनीबाईंनी विचारलं, बेटा, तुला पढवायला आवडतं का? तो म्हणाला, आंटी, क्लास में तो मेरे हाथ-पैर फूल जाते हैं.
वर्गात घाबरतो म्हणे. काय विनय! तो गेल्यावर शरदिनी म्हणाली, अहो, त्याला सोडा. बायकांना माणसं कळत नाहीत.

१५ मार्च
प्रल्हाद दोन दिवस गायब. तयारी करत असणार. तरी ब्लडप्रेशर बघितलं, वाढलंय. मशीन जुनं आहे. शिफारशीत त्याचं एकट्याचं नाव पाठवून टाकलं.
जिन्यात कालिंदी भेटली. सर, दोनच मिनिटं. म्हटलं, सतरानंतर ये, आत्ता मी विभाग वाचवतोय.

१७ मार्च, सकाळी ११
कमिटी बसली. समोरची खुर्ची रिकामी. येईल. गोदौलियाच्या चौकात ट्रॅफिक जाम असतो.

दुपारी १
सर्जरीचे हेड मला आग्रहानं चहा पाजताहेत. प्यून गोपीनाथला हॉस्टेलवर धाडलं.

दुपारी २
गोपीनाथ आला. सगळ्यांसमोर म्हणाला, प्रल्हाद साहब तर परवाच लहुराबीरच्या नर्सिंग होमात नोकरीला लागले. प्रिन्सिपॉलनी विचारलं, और कोई? मी म्हटलं, कोई नहीं.
जागा सर्जरीला.

२४ मार्च
कालिंदी नमस्काराला आली. नागपूरच्या कॉलेजात लेक्चरर म्हणून निघालीय. मी चिडलोच. शिकवायचं होतं तर मला बोलली का नाहीस? म्हणाली, सर, मला बनारसमध्येच राहायचं होतं. तुम्ही माझं नाव पाठवाल का, तेच विचारायला येत होते.
मी म्हटलं, अच्छा.
दहाला लेक्चर होतं. गेलो. वर्गात कुणीच नव्हतं. गोपीनाथ म्हणाला, सगळी पोरं मॅडमला सोडायला कँट स्टेशनवर गेली.