दिवे लागल्यावरचं विरजण

५ फेब्रुवारी, गुरुवार

रोज चार ओळी लिहायच्या म्हणे. घ्या, झाली एक.

ती रुचिता, आमच्या पोळी-भाजीच्या गाळ्यावरून रोज पोळ्या नेते ती पोरगी, पीएचडी करतेय. डॉक्टर होणार, पण सुई टोचणार नाही. जवळची माणसं एकमेकांवर चिडतात, रुसतात, मग तो राग आवरतात कसा, यावर अभ्यास. त्याला चाळीत राहिलेल्या बायका हव्यात. मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. गुरुवारी माझी सुट्टी, तेव्हा डोंबिवलीला घरी येऊन प्रश्न विचारणार. आज आलेली. मधल्या दिवसांत मी मनात येईल ते लिहायचं.

"मला दाखवू नका मावशी. कुणालाच दाखवू नका. लिहिलं की आठवतं."

सातवीत शाळा सुटलेली माझी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बघू.

६ फेब्रुवारी

काही आठवलं नाही. पाठ दुखतेय.

८ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारचं डोक्यातून जाईना. राग किती येतो, एक ते सातमध्ये सांगा! म्हटलं, राग काय चप्पल आहे नंबर सांगायला? हसली पोरगी. हसते छान.

मग विचारलं, चाळीत भांडण झालं की आधी माफी कोण मागायचं?

माफी! कल्याणच्या चाळीत एवढी वर्षं काढली, माफी शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही विरजण मागायचो. भांडण झालं की दोघींतल्या एकीने पोराच्या हातात वाटी देऊन पाठवायचं — "आईने विरजण मागितलंय." घरात दह्याचं भांडं भरलेलं असलं तरी! समोरचीने चमचाभर घातलं की मिटलं. दुसऱ्या दिवशी नळावर दोघी गप्पा मारतायत. त्या भांडणाचं नावसुद्धा नाही.

रुचिता भराभर लिहीत होती. मला मजा वाटली. यात काय लिहिण्यासारखं?

१० फेब्रुवारी

विरजण म्हटलं की शकू आठवणारच.

आमच्या डोक्यावरची खोली तिची. मी लग्न होऊन आले तेव्हा गावची चूल सोडून मला काही ठाऊक नव्हतं. स्टो पेटवायला तिने शिकवलं. भुवई जळाली तर तिनेच काजळाने काढून दिली, नवरा येईपर्यंत. दुपारी जिन्यात बसून एकमेकींच्या वेण्या घालायचो. देवाधर्माची पक्की. संध्याकाळचा दिवा कधी चुकला नाही तिचा.

नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावर देवी बघायला जायचो. गर्दीत माझ्या पदराला आपल्या पदराची गाठ मारायची. "हरवलीस तर तुझ्या नवऱ्याला काय सांगू तुळशे? दुसरी आण?"

आता तुळशे म्हणणारं कुणी उरलं नाही. गाळ्यावर तुळसाताई, घरी आई.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज विचारलं, तुटलं आणि पुन्हा जुळलंच नाही, असं एखादं नातं?

म्हटलं, नाही. तिने "नाही" असं लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी

खोटं बोलले. या कागदावर तरी कशाला बोलायचं?

मी अंगणात पोह्याचे पापड घातलेले. शकूने वरून ओली गोधडी कठड्यावर टाकली. सगळ्या पापडांचा चिखल. मी तिचा खालचा-वरचा उद्धार केला. तीही कमी नाही. चार दिवस बोलणं बंद. चाळ पाडायची ठरलेली, आमचा टेम्पो सांगून झालेला. असं भांडून निघायचं मला जड गेलं. संध्याकाळी संचिताला, माझ्या लेकीला, वाटी देऊन वर पाठवलं.

पोर रिकामी वाटी घेऊन खाली आली. "शकूमावशी म्हणाली, उद्या सकाळी ये."

विरजणाला नाही! चाळीत असं कधी झालं नव्हतं. पापडाहून ते लागलं मला. दोन दिवसांनी टेम्पो आला. ती खाली आली नाही, मी वर गेले नाही. ती दिवा स्टेशनजवळ राहायला गेली एवढं नंतर कळलं. संचिता सात वर्षांची होती तेव्हा. आज तिला पोर आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उशीर झालाय. तरी लिहिते.

रुचिताचे प्रश्न संपेपर्यंत अंधारलं. मी दिवा लावला. ती निघताना दारात वळली. खोलीवर दूध तापवून ठेवलंय, म्हणाली, तुमच्याकडचं चमचाभर विरजण देता का?

मी म्हटलं, "दिवे लागले गं. उद्या सकाळी ये."

म्हटलं आणि तिथेच उभी राहिले.

आमच्या माहेरी हे नव्हतं. हौसाबाई, सासूबाई, गावाहून डोंबिवलीला आल्या तेव्हा त्यांनी लावलेली शिस्त: दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. त्या गेल्या, सवय राहिली. कल्याणला असताना मला हे कुठे ठाऊक? मी पोरीला पाठवलं ते दिवे लागल्यावर. आणि शकू दिवा न चुकवणारी!

ती नाही म्हणालीच नव्हती. सकाळी ये म्हणाली होती.

रुचिता विचारत होती, मावशी, काय झालं? मी म्हटलं, सकाळी ये, नक्की ये हां!

२० फेब्रुवारी

रुचिता सकाळी आली. मोठी वाटी भरून दिली. संचिताकडून शकूच्या मुलाचा, साकेतचा, नंबर घेतला. पत्ता कळला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच दिव्याला जायचं होतं. गाळ्यावर साखरपुड्याची ऑर्डर. पोळ्या लाटून सुटले, पोचले तर शकूच्या खिडकीत दिवा लागलेला. माझं नशीब!

केस पांढरे झालेत. मला बघून एवढंच म्हणाली, "जाडी झालीस." चहा केला. पाणी एक दिवसाआड येतं, साकेतच्या बायकोला कितवा महिना, असलंच बोललो. पापडांचं नाव नाही. मी कुठे राहते ते तिने विचारलं, मी बिल्डिंग सांगितली. पिशवीतली वाटी काढून ओट्यावर ठेवली, पण तोंड उघडेना. दिवे लागल्यावर कशी मागू? तिला पुन्हा नाही म्हणायला लावू?

उठले. तिनेही बस म्हटलं नाही.

घरी येऊन बघते तर वाटी तिथेच राहिली.

२३ फेब्रुवारी

सकाळी बेल वाजली. दारात शकू. हातात माझी वाटी, वर ताटली झाकलेली.

म्हणाली, "तुझी पोर त्या दिवशी सकाळी आलीच नाही. मग मीच आले."

मी दार सताड उघडलं. म्हटलं, चप्पल बाहेर काढ, लादी आत्ताच पुसलेय.