बिनवासाचं पॉलिश

प्रिय खारूताई,

तुमच्या प्रयोगशाळेत टोमॅटोच्या सालींपासून केलेलं तुझं लाकडाचं पॉलिश पोचलं. डबा उघडून नाक खुपसलं, तर कसलाच वास नाही! मला वाटलं, पोरीनं घाईगडबडीत पाणीच भरून पाठवलं.

वर्कशॉप बंद करून वर्ष होत आलं. थिनरच्या वासानं छाती भरते, खोकला थांबत नाही, पुन्हा पॉलिशचं नाव काढू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हापासून मी तुझ्या आईच्या कामात लुडबुड करत बसलोय. ती वैतागली आहे. खरं सांगू, मीही. हात रिकामे असले की माणूस उगाच चिडचिडा होतो गं.

तर काल वर्कशॉपचं कुलूप काढलं. स्वयंपाकघरातलं स्टूल घासून त्यावर तुझ्या पॉलिशचा एक हात मारला. आमच्या धंद्यात वास गेला की पॉलिश वाळलं. इथे वास मुळातच नव्हता! आयुष्यभराची सवय, मी खुशाल आईला म्हटलं, बस. ती बसली आणि चिकटली. उठली तेव्हा स्टूलही तिच्याबरोबर उठलं. मग मी जे ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी तीच हसून हसून बेजार झाली.

तू लिहिलंस की वाळायला वेळ लागतो म्हणून कारागीर नाकं मुरडतात, साहेब हे काम गुंडाळणार आहेत आणि तूही आता मान डोलावणार आहेस. वेळ लागतो, खोटं कशाला बोलू? पण आज सकाळी स्टुलावर पाणी सांडून पाहिलं, गरम पातेलं ठेवलं. डाग म्हणून नाही.

मग राहवेना. शेजारच्या सुताराकडून टेबल मागून आणलं आणि दुपारभर त्यावर काम केलं. संध्याकाळी आई धावतपळत आली, चेहरा पांढराफटक. मी दुपारभर पॉलिश करतोय आणि आतून खोकल्याचा आवाज नाही, म्हणजे कोसळलोच असणार, असं वाटून घाबरली होती बिचारी. मी ब्रश हातात घेऊन उभा, आणि ती दारातच रडायला लागली.

एवढ्यासाठीच हे पत्र. मान डोलावू नकोस, बाळा. साहेबांना सांग, एका पॉलिशवाल्याला आणखी डबे हवेत. लेकीचं कौतुक म्हणून नव्हे, त्याला कामावर परत जायचंय.

तुझाच,
पुन्हा धंद्याला लागलेला बाबा