नाकारले असते

३ नोव्हेंबर, सोमवार
लागले एकदाची कामाला. सावनेरहून सामान आणलं, नंदनवन वस्तीत खोली मिळाली आणि धरमपेठेतल्या कंपनीत खिडकीजवळची खुर्चीही. सगळं गिरिधरकाकांमुळे. बाबांचे जुने दोस्त, आता माझे साहेब. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांसाठी कोथिंबीर भरलेली सांबारवडी मागवली आणि सांगितलं, मयुरा माझ्या घरचीच पोरगी समजा. मला भरून आलं.

५ नोव्हेंबर
काम मजेदार आहे. इथल्या सर्व्हरवर कोण काय करतं ते एक नोंद-सेवा लिहून ठेवते. तिच्याभोवती नियमांचं कुंपण घालायचं. प्रत्येक नावावर एक शिक्का. शिक्क्यात जेवढी परवानगी, तेवढंच करता येणार, मग तो मोठा साहेब का असेना. नियमांची फाईल काकांखेरीज कोणालाच बदलता येणार नाही, हेही मीच लिहिलं. स्वतःलाही वगळलं नाही, याचा भारी अभिमान वाटला. नावांची यादी काकांनी तयारच दिली होती. मी न वाचता जोडली. आपल्या माणसाचं काय वाचायचं?

७ नोव्हेंबर
नियम लगेच लागू करत नाहीत. आधी दहा दिवस चाचणी. तोवर सेवा कोणाला अडवत नाही, फक्त लिहिते: नाकारले असते. नियमांच्या फाईलचं कुलूप तेवढं पहिल्या दिवसापासून लागू. सतरा तारखेला अकरा वाजता काका बटण दाबतील, मग खरंच अडवेल. आज एक ओळ दिसली: 'मयुरा – फाईल उघडणे – नाकारले असते.' शिक्का चुकला असेल. काका म्हणाले, बघतो.

११ नोव्हेंबर
'मयुरा – जिना चढणे – नाकारले असते.'
कोणीतरी थट्टा करतंय म्हणून हसले. पण आमच्या जिन्यावर ना कॅमेरा आहे, ना कार्ड लावायचं यंत्र.

१३ नोव्हेंबर
'मयुरा – खिचडी गिळणे – नाकारले असते.' कालची, खोलीवरची. तिथे मी एकटीच होते. शेजारच्या टेबलावरच्या अदितीला दाखवली. तिला ती ओळ दिसतच नाही.

१५ नोव्हेंबर
अदितीच्या कॉम्प्युटरवरून फाईलमधले जुने बदल पाहिले. यादीत एकाच नावापुढे 'काहीही परवानगी नाही'. तिथे वर्षभर गिरिधर होतं. वर्षभर काका चाचणी पुढे ढकलत होते. तीन तारखेला स्वतःचं नाव खोडलं, माझं घातलं. सांबारवडीच्या दिवशी.

१६ नोव्हेंबर
काकांच्या घरी गेले. त्यांनी नाही म्हटलंच नाही. "एकाचं नाव तिथं ठेवाच लागते वं. माह्यं होतं, म्हनून तर तुले आनलं." मी रडले, पाया पडले. मग म्हणाले, तुझ्याऐवजी कोणाचं घालू, तूच सांग. मी – मी अदितीचं सांगितलं. किती नीच आहे मी. बदलतो म्हणाले. डोक्यावर हात ठेवला.

१७ नोव्हेंबर
१०.५०. अदितीने डब्यातला चिवडा पुढे केला. तिच्याकडे बघवत नाही – नोंदी उघडल्या –
'मयुरा – श्वास घेणे – नाकारले असते.'
अजून माझंच. बदललंच नाही –

१०.५७. काकांच्या केबिनला आतून कडी. हाका मारल्या, काच बडवली. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे – पळून तरी कुठे – खोलीवरचीही नोंद होतेच –

अकरा. नवी ओळ. शेवटी 'असते' नाही –
'मयुरा – लि