यासीनची कुबडी आणि आमची सर्वसाधारण सभा

२८ जुलै, रविवार
संकल्प : आजपासून क्रोध बंद. तसा षड्रिपूंपैकी हा मी जिंकलेलाच आहे. उरलेले पाच किरकोळ.
पुढच्या रविवारी कराडला आमच्या दिव्यांग रोजगार समन्वयक संघाची सभा. सातारचे आम्ही, सांगलीचे ते. अध्यक्ष मीच होणार. वाईच्या यासीनला पलूसच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मी लावून दिलं. सांगलीचा जयराज म्हणतो, त्याने. मालकाशी एकदा बोलला, एवढंच. (दोनदा.)

३ ऑगस्ट, सकाळ
जयराजचा फोन. सत्काराची शाल यासीनला तोच घालणार म्हणे. मी शांतपणे समजावलं. मोबाइलची काच गेली. नाहीतरी नवा घ्यायचाच होता.

४ ऑगस्ट, दुपार
हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यासीन कुबड्यांवर जिना चढून आला. स्वागताच्या भाषणात त्याच्या जिद्दीचं कौतुक झालं. उद्या त्याचा कामाचा पहिला दिवस. म्हणाला, सर, लवकर सोडा, गाडी चुकंल. म्हटलं, सत्कार झाला की लगेच.

संध्याकाळ, दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय.
शालीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं जयराजच्या. मध्ये यासीनची मान. आवं सर, जीव जाईल माझा, म्हणाला. शाल फाटली म्हणून वाचला. जयराजने श्रीफळ फेकलं. ते आमच्या खजिनदाराच्या कपाळावर फुटलं. मग खुर्च्या. मग माईकचा स्टँड. मी हाताला आलं ते जयराजच्या पाठीत घातलं, तर ती यासीनची कुबडी. मोडली. दुसरी जयराजने उचलली. माझं मनगट, मग घोटा. तीही मोडली.
यासीन भिंतीला धरून ओरडत होता, आरं गड्यांनो, उद्या मी कामाला जाऊ कसा? अख्ख्या सभेत विषयाला धरून बोलला तो एकटाच.

५ ऑगस्ट
यासीन हजर झाला नाही. कारखान्यातल्या भरतीच्या समीना मॅडमना फोन केला. उमेदवार वक्तशीर आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, सभेचा व्हिडिओ पाहिलाय. त्याने एकट्याने येऊन भेटावं. संघवाला मात्र गेटजवळही दिसता कामा नये.
म्हणजे बोलणी सुरू आहेत.
संकल्प : प्लास्टर निघेपर्यंत मारामारी नाही.

९ ऑगस्ट
संघ फुटला. सांगलीकरांनी जयराजला काढलं, आमच्यांनी मला. बहुधा राज्य पातळीसाठी मोकळं केलं असावं.

११ ऑगस्ट, रविवार
यासीन आला. नव्या कुबड्या बहिणीने, आसियाने आणून दिल्या. गुरुवारी स्वतःच जाऊन मॅडमना भेटला, कामाला लागला. म्हटलं, शेवटी आमच्या प्रयत्नांना यश आलं. त्याने माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाला, सर, तुमी आता बसून करायचं कायतरी बघा. आमच्यात गेटवर माणूस पायजे हाय. मॅडमला विचारलंय. संघात नसतील तर चालंल म्हणाल्या. पर हाणामारी न्हाई चालायची.
मी हसण्यावारी नेलं.
तो गेल्यावर बायोडाटा लिहायला बसलो. 'अध्यक्ष' लिहिलं, खोडलं. शिफारस कोणाची, तिथे यासीनचं नाव घातलं.