घाटात बॅटरी भरते

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून वही. मोठं काम हाय, नोंद पाहिजे. दुबईच्या पार्टीनं आमच्या मालकांना, बापूसाहेबांना कळवलंय, केळी आमच्या अंथुर्ण्यापासनं बंदरापर्यंत बिनधुराच्या गाडीतनंच आली पाहिजेत. म्हणून दोन इलेक्ट्रिक ट्रक आले. एक दिशाला दिला. आयटीआय झालेली पोर, तीन वर्षं पिकअप चालवते. दुसरा मला. सव्वीस वर्षं डिझेल चालवलंय. दिशाला सांभाळून न्यायची जबाबदारी माझ्यावरच येणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
बारामतीला ट्रेनिंग. दोन दिवसांचं म्हणे. मला एकातच सगळं आलं. मुद्दा एवढाच: घाट उतरताना ब्रेक लावला की बॅटरी आपोआप भरते. म्हणजे बोरघाट हाच आपला पंप! मास्तर पुढं चढाचं काहीतरी सांगत होता, तोवर चहा आला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
ट्रेनिंगला गेलो न्हाय. बायको, सारजा, म्हणाली, "अवो, दोन दिवसाचं हाय तर दोनी दिवस जावा की." ती पॅकहाऊसला केळी धुते, खोक्यात भरते. तिला गाडीतलं काय कळणार.
संकल्प: उद्यापासनं व्यायाम. नव्या गाडीला ड्रायव्हर फिट दिसला पाहिजे.

७ फेब्रुवारी
व्यायाम सोमवारपासनं.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६
पहिली ट्रिप. बापूसाहेबांनी नारळ फोडला. म्हणाले, "म्हस्कूराव, पाचला बंदराचं गेट बंद होतंय. तळेगावला तासभर चार्जिंग करा, विसरू नका." विसरत न्हाय. गरज वाटली तर करीन.

१०:४०
तळेगाव. बॅटरी २२ टक्के. चार्जरची जागा मागनं येणाऱ्या दिशाला सोडली. नवीन हाय, तिला लागेल. मला घाट हाय.

११:२०
१३ टक्के. लोणावळ्यापर्यंत रस्ता चढाचा हाय, हे सव्वीस वर्षांत आज जाणवलं. केबिनचा एसी बंद केला.

११:४०
४ टक्के. रिझर्व्ह असणारच. रिझर्व्ह न ठेवता गाडी कोण बनवील?

११:५५
कार्ल्याच्या अलीकडं उभा. रिझर्व्ह नसतं.
बापूसाहेबांचा फोन. ट्रॅफिक हाय म्हटलं. मागं हॉर्न वाजत होते, त्यामुळं अगदीच खोटं न्हाय.

१२:५०
कंटेनरचं कूलिंगपण बंद पडलं. केळ्यांना तेरा डिग्री लागतं. थर्मामीटर पंधरा दाखवतोय. पत्र्याला हात लावला, तापलाय. सावली कुठंच न्हाय.

१:१५
दिशा आली. गाडी कडेला घेऊन उतरली. "तात्या, चार्जिंग केलं न्हाय?" मी म्हटलं, मशीन बंद होतं. ती म्हणाली, "मी आत्ता तितनंच भरून आले." क्रेनवाल्याला तिनंच फोन लावला. मग बापूसाहेबांना. "तात्यांची गाडी बंद पडलीय," एवढंच म्हणाली. कारण सांगितलं न्हाय. तिचंपण गेट पाचचंच. गेली.

४:०५
क्रेन आली. एकवीस डिग्री.

५:००
दिशाचा मेसेज: आत पोचले. मी क्रेनच्या मागं, तोंड पुण्याकडं.

११ फेब्रुवारी, बुधवार
कंटेनर पॅकहाऊसला परत. काही फण्यांवर पिवळी झाक आलीय. तसला माल दुबईला चालत न्हाय. बाया सकाळपासनं एकेक खोकं फोडून निवडतायत.
बापूसाहेबांनी कारण विचारलं. बॅटरी कमजोर निघाली म्हटलं. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. गाडी स्वतःच सगळं लिहून ठेवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तळेगाव, थांबा चार मिनिटं, चार्जिंग शून्य. ओरडले न्हाईत. चावी मागितली. दिली.
मग आत जाऊन सारजाच्या शेजारी बसलो. चूक माझी हाय, असं तिला सरळ सांगायचं ठरवलं होतं. तिनं वर न बघता एक खोकं माझ्याकडं ढकललं. "हिरवी डावीकडं ठेवा," म्हणाली.
दोन तास निवडली. अजून सांगितलेलं न्हाय.