बरकतपुऱ्याच्या वडावरची वायर

प्रति,
मा. अभियंतासाहेब,
बागदिवे शाखा, हैदराबाद.

विषय : बागेतील वडावरची वायर वटपौर्णिमेपूर्वी काढून टिकाऊ केबल टाकण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील उर्दू अर्ज व त्यावरील आपला ‘काम पूर्ण’ हा शेरा.

महोदय,

मी उमाजी बोकारे, सुलतान बाजारातील कापड-व्यापारी, सादर अर्ज करतो की, काम पूर्ण झालेले नाही.

१. गेल्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी बागेत दिवे लावताना घरात वापरायची सुती वेष्टनाची वायर कडुलिंबाला आणि वडाला गुंडाळली. वटपौर्णिमेला आमच्या बायकांनी तिच्यावरच सूत गुंडाळले. पुढे पावसाळा झाला. ओले सूत वीज काय अडवणार, हे कापडवाल्याला सांगायला नको. माझ्या अर्जावरून लाइनमन आला, कडुलिंबावरची वायर काढली, आणि वडावरची पूजेचा दोरा समजून हात जोडून निघून गेला. माणूस भला, पण वायरीत वीज तशीच आहे. बटण मोडल्यामुळे दिवे दिवसाही जळतात.

२. परवा वळवाचा पाऊस पडून गेल्यावर माझी पत्नी सत्यवती वडाला पाणी घालायला गेली. बुंध्याला हात लावताच झटका बसला. घरी येऊन म्हणते, वड जागृत आहे! मी कपाळाला हात लावला. आता गौलीगुड्यापासून बायका वडाला हात लावायला येतात, आणि मी विजेचे नाव काढले की मला नास्तिक ठरवतात.

३. पूर्वीचे ओव्हरसियर केशवराव यांना वटपौर्णिमा समजावून सांगावी लागली नसती. गेल्या साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि ते औरंगाबादेला गेले. आपल्या कचेरीत मराठी वाचणारे हिम्मतराव तेवढे उरले आहेत. त्यांच्या बदलीचा हुकूम येण्याआधी हा अर्ज वाचून घ्यावा.

४. झाडावर वायर नकोच. शिशाच्या आवरणाची केबल लोखंडी पाइपातून जमिनीखालून न्यावी, जोड बंद पेटीत ठेवावेत, अर्थिंग करावे. एवढे जमत नसेल तर निदान पौर्णिमेला वीज तोडावी.

५. साहेब, उपाशीपोटी, ओल्या पायांनी ती माझ्या आयुष्यासाठी फेरे घालणार, आणि जीव तिचा जाणार! मला फार भीती वाटते. समजावून थकलो, ऐकत नाही. बंदोबस्त न झाल्यास त्या सकाळी तिच्या आधी मीच ओल्या अंगाने वडाला मिठी मारून पाहणार आहे. सुखरूप परतलो तर तिला जाऊ देईन. परतलो नाही, तर तिला वडाकडे जायचे कारणच उरणार नाही.

आपल्या लाइनमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
उमाजी नामदेवराव बोकारे
बरकतपुरा, ३ जून १९५७

सोबत : कडुलिंबाखाली सापडलेला वायरीचा कुजका तुकडा. यात वीज नाही. हात लावून पाहावा.